जर्मनीत शिकताना श्रद्धा, मैत्री आणि प्रवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेश, ब्लॉक खातं (व्हिसासाठी पैसे राखून ठेवायचं बँक खातं) आणि व्हिसा यांची माहिती भरपूर मिळते. खोलीत निरांजन लावलं तर चालेल का, वर्षभर शेजारी बसूनही वर्गमित्र घरी का बोलावत नाहीत, निवास परवान्याचं कार्ड छापून यायचंय तोवर पॅरिसला जाता येईल का, हे प्रश्न मात्र विद्यार्थी एकमेकांना रात्री बारा वाजता विचारतात आणि अर्धवट उत्तरांवर निभावून नेतात. त्यांची उत्तरं इथे आहेत. वाचताना एक गोष्ट सतत जाणवेल: जर्मनीत आधी आणि स्पष्ट शब्दांत विचारलेल्या गोष्टीला बहुधा होकार मिळतो. आयत्या वेळी मागितलेली सवलत बहुधा मिळत नाही.

श्रद्धा आणि उपासना

पत्त्याच्या नोंदणीत धर्म विचारतात. काय लिहायचं?

नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाने सही केलेला राहण्याचा दाखला सोबत लागतो. अर्जात धर्माचा रकाना असतो, कारण त्यावरून चर्च-कर ठरतो. हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन, शीख विद्यार्थ्यांना हा कर लागू नाही. त्यांनी रकाना रिकामा ठेवला तरी काही बिघडत नाही.

ख्रिस्ती विद्यार्थ्यांनी मात्र इथे नीट लक्ष द्यावं. नुसतं ‘ख्रिश्चन’ लिहिलं की समोरचा कर्मचारी अंदाजाने कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट यांपैकी एक नोंद करू शकतो, आणि ती नोंद पुढे थेट कर खात्याकडे जाते. आपला पंथ अचूक लिहा. चर्च-कर हा उत्पन्नावर लागत नाही, तर आयकराच्या रकमेवर लागतो: बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. २०२५ साठी करमुक्त उत्पन्नाची मर्यादा १२,०९६ युरो होती, म्हणजे अर्धवेळ काम करणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांचा आयकर शून्य आणि चर्च-करही शून्य. नोकरी लागल्यावर पहिल्या पगाराच्या चिठ्ठीत ही कपात दिसते आणि तेव्हा धक्का बसतो.

चर्चमधून बाहेर पडून ही नोंद काढता येते. राज्यानुसार नोंदणी कार्यालयात किंवा स्थानिक न्यायालयात स्वतः जावं लागतं आणि बहुतेक राज्यांत शुल्क भरावं लागतं. कॅथलिक चर्च असं बाहेर पडणं गंभीरपणे घेतं. साक्रामेंत (चर्चचे पवित्र संस्कार), लग्न, धर्ममाता-धर्मपिता होणं, या सगळ्यावर त्याचा परिणाम होतो. केवळ पैसे वाचवण्यासाठी घाईने सही करू नका.

खोलीत दिवा किंवा उदबत्ती लावता येते का?

आधी घराची नियमावली वाचा. तिला हाउसऑर्डनुंग म्हणतात आणि ती भाडेकराराचाच भाग असते. अनेक वसतिगृहांत उघड्या ज्योतीला बंदी असते. तशी असेल तर विषय तिथेच संपला. बॅटरीवरचा दिवा वापरा.

बंदी नसेल तरी छतावरच्या धूरसूचकाचा विचार करावा लागतो. जर्मनीच्या सगळ्या राज्यांत राहत्या घरांत तो सक्तीचा आहे. त्याच्या आत एक छोटी अंधारी पोकळी आणि प्रकाशाचा एक किरण असतो. धुराचे कण आत शिरले की किरण विखुरतो, तो संवेदकावर पडतो आणि भोंगा वाजतो. तो धूर उदबत्तीचा की पडद्याला लागलेल्या आगीचा, हे त्याला कळत नाही. धूप आणि कापूर सगळ्यांत वाईट. तुपाची लहान वात जळताना फारसा धूर देत नाही, पण विझवताना एक जाड करडी रेघ सरळ वर जाते आणि बहुतेक वेळा भोंगा त्या क्षणी वाजतो. म्हणून निरांजन धूरसूचकाच्या खाली ठेवू नका, खिडकी आधीच उघडा, वात फुंकू नका, वर लहान धातूचं झाकण ठेवून मिनिटभर तसंच राहू द्या. खोलीतून बाहेर जाताना ज्योत जळत ठेवायची नाही, अगदी दोन मिनिटांसाठीसुद्धा.

धूरसूचकावर मोजा चढवणं किंवा पिशवी बांधणं हा अनेकांचा उपाय असतो. तो कधीही करू नका. आग लागली तर जिवावर बेततं, आणि विमा कंपनीही हात वर करू शकते. जिथे यंत्रणा थेट अग्निशमन दलाशी जोडलेली असते तिथे खोट्या इशाऱ्याचा खर्च भाडेकरूकडून वसूल होऊ शकतो. वैयक्तिक दायित्व विमा, म्हणजे हाफ्टफ्लिश्ट, पहिल्याच महिन्यात काढा. हप्ता लहान असतो, आणि चुकून दुसऱ्याचं नुकसान झालं तर तोच उपयोगी पडतो.

आरती, भजन, पठण मोठ्याने केलं तर?

रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ. रविवार आणि सुट्टीचा पूर्ण दिवसही शांततेचा असतो. पहाटेची घंटा भिंतीपलीकडे स्पष्ट ऐकू जाते. शेजारी आधी चिठ्ठी चिकटवतो, मग घरमालकाला कळवतो. चिठ्ठी आली त्याच दिवशी दार वाजवून बोला. बहुतेकदा वेळ अर्धा तास पुढे ढकलली की प्रश्न मिटतो.

विद्यापीठात नमाज, ध्यान किंवा प्रार्थनेसाठी जागा असते का?

अनेक विद्यापीठांत ‘राउम डेर श्टिले’, म्हणजे शांतता कक्ष, असतो. तो कुठल्याही एका धर्माचा नसतो. चावी कधी ग्रंथालयाच्या काउंटरवर, कधी विद्यार्थी संघटनेकडे मिळते. काही कक्ष ओळखपत्राने उघडतात. स्वतःचं आसन किंवा चटई घेऊन जा आणि परत घेऊन या. मूर्ती, पत्रकं, पडदे तिथे ठेवू नका. एखाद्या गटाने खोली आपलीच करून टाकली, मधे पडदा लावून स्त्री-पुरुष वेगळे केले, अशा तक्रारींमुळे काही विद्यापीठांनी असे कक्ष कायमचे बंद केले आहेत. नुकसान अर्थातच सगळ्यांचं झालं.

कक्ष नसेल तर रिकामी वर्गखोली विभागाच्या कार्यालयातून नियमित वेळेसाठी मागता येते. जिन्याखाली किंवा आणीबाणीच्या मार्गात बसू नका. तिथून सुरक्षारक्षक उठवणारच.

सण किंवा उपवास परीक्षेच्या दिवशीच आला तर?

लेखी विचारा, आणि परीक्षेची नोंदणी करण्याआधी विचारा. परीक्षा कार्यालयाला (प्र्यूफुंग्सआम्ट) ईमेल करताना चार गोष्टी असाव्यात: परीक्षेचं नाव आणि क्रमांक, तारीख, तुम्हाला ती अडचणीची का आहे ते एका वाक्यात, आणि तुमचा पर्याय. ‘काहीतरी करा’ यापेक्षा ‘दुसऱ्या तारखेला बसू का’ याला उत्तर देणं सोपं असतं. अनेक विषयांना दोन तारखा असतात. नोंदणी मागे घेण्याची शेवटची तारीख पोर्टलवर दिलेली असते. ती उलटल्यावर गैरहजर राहिलात तर नापास धरतात, आणि एका विषयाला ठरावीकच संधी असतात. सगळ्या संधी संपल्या की तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. म्हणून हे हलक्यात घेऊ नका.

दिवाळी बहुतेक वेळा हिवाळी सत्राच्या सुरुवातीला येते. व्याख्यानं साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत आणि एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंत चालतात. व्याख्यान चुकलं तर सहसा कोणी विचारत नाही. प्रयोगशाळा आणि सेमिनार यांत हजेरी सक्तीची असू शकते, तिथे पहिल्याच तासाला बोलून ठेवा.

कडक उपवास करणाऱ्यांनी दिवसाची लांबी पाहावी. २१ जूनच्या सुमारास बर्लिनमध्ये सूर्य पहाटे पावणेपाचला उगवतो आणि रात्री साडेनऊनंतर मावळतो. जवळजवळ सतरा तास पाण्याशिवाय राहून प्रयोगशाळेत उभं राहणं धोक्याचं आहे. चक्कर येण्याची शक्यता असेल तर आम्ल, ज्योत किंवा यंत्र हाताळायचं काम त्या दिवशी घेऊ नका, आणि पर्यवेक्षकाला आधी सांगा.

मेन्सात शाकाहारी किंवा हलाल जेवण कसं ओळखायचं?

मेन्सा, म्हणजे विद्यापीठाचं भोजनगृह. रोजच्या यादीत प्रत्येक पदार्थापुढे चिन्हं आणि आकडे असतात. त्यांचा तक्ता एकदा नीट वाचून फोनमध्ये साठवा. शाकाहारी आणि व्हेगन पदार्थ रोज असतात. हलाल सगळीकडे नसतं, त्यामुळे अनेक मुस्लिम विद्यार्थी शाकाहारी किंवा माशाचे पदार्थ घेतात.

फसगत लहान शब्दांत होते. ‘गेलाटिने’ जनावराच्या हाडा-कातडीपासून बनते आणि गोळ्या, मूस, काही दही-मिठाया यांत असते. ‘श्माल्त्स’ म्हणजे चरबी, बहुधा डुकराची. ‘श्पेक’चे, म्हणजे डुकराच्या चरबीदार मांसाचे, बारीक तुकडे कोबीच्या किंवा बटाट्याच्या भाजीत सर्रास असतात, आणि पदार्थाच्या नावात मांस नसतं. ‘लाब’ म्हणजे चीज विरजण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेलं विकर. पारमेझान नेहमी त्यानेच बनतं, म्हणून कडक शाकाहाऱ्यांनी ‘मिक्रोबिएलेस लाब’ असं लिहिलेलं चीज घ्यावं. सूप शाकाहारी दिसलं तरी ते कशाच्या पाण्यात शिजवलंय ते विचारा. अंडं शाकाहारी चिन्हात धरलं जातं. अंडं न खाणाऱ्यांना व्हेगन चिन्ह जास्त भरवशाचं.

दिवाळी, गणपती, होळी मोठ्या प्रमाणावर करायचे आहेत. कुठल्या परवानग्या लागतात?

वसतिगृहाचं सामायिक सभागृह आरक्षित करता येतं. अनामत भरावी लागते आणि साफसफाई आपली आपण करायची असते. दीड-दोन महिने आधी अर्ज करा.

फटाक्यांबद्दल कायदा स्पष्ट आहे. मोठे फटाके सामान्य माणसाला फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीलाच उडवता येतात, आणि दुकानांत विक्रीही वर्षाअखेरच्या शेवटच्या तीनच दिवसांत होते. घरी उरलेले फटाके दिवाळीला उडवले तर दंड होतो. फुलबाज्यांना मात्र वर्षभर मुभा आहे. त्या मोकळ्या अंगणात लावा, बाल्कनीत नको.

नदी, तळं किंवा कालव्यात विसर्जन परवानगीशिवाय करू नका. शाडूची लहान मूर्ती बादलीत विसर्जित करणं हा सरळ मार्ग आहे. माती सिंकमध्ये ओतली की नळ तुंबतो आणि त्याचं बिल येतं. पाणी निवळू द्या, वरचं झाडांना घाला, गाळ कुंडीत टाका. होळीचे रंग घरात आणू नका. भिंतीवरचे डाग घर सोडताना अनामतीतून कापले जातात.

स्वस्तिकाचं काय?

हे सगळ्यांनी वाचावं. जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६अ नुसार नाझी चिन्हांचं सार्वजनिक प्रदर्शन हा गुन्हा आहे. हिंदू, बौद्ध, जैन धर्मातला वापर हा त्या कलमाचा रोख नाही. तरीही वसतिगृहाच्या दारावर, रांगोळीत, लॅपटॉपवर किंवा मोटारीवर ते दिसलं की शेजारी पोलिसांना बोलावू शकतो, आणि त्याच्या जागी त्याचं बरोबरही असतं. ज्या समाजाने त्या खुणेखाली लाखो माणसं मारलेली पाहिली, त्याची ही जखम आहे. देवघरात, पूजेच्या तबकात ठेवा. दाराबाहेर ॐ, कमळ किंवा पावलं काढा. घरी आलेल्या मित्राने पाहिलं तर त्याने विचारण्याआधी आपणच शांतपणे समजावून सांगा.

देवळं, मशिदी, गुरुद्वारे कुठे आहेत?

हाम शहराच्या उएनट्रोप भागातलं श्री कामाक्षी अंबाळ मंदिर युरोपातल्या मोठ्या हिंदू मंदिरांपैकी एक. श्रीलंकेतल्या तमिळ निर्वासितांनी उभं केलं, २००२ मध्ये प्राणप्रतिष्ठा झाली, गोपुर सुमारे १७ मीटर उंच आहे. मे-जूनमधल्या रथोत्सवाला हजारो लोक येतात. मंदिर औद्योगिक वसाहतीत आहे, आसपास काही मिळत नाही. पाणी सोबत न्या आणि परतीच्या बसची वेळ आधीच पाहून ठेवा. बर्लिन आणि फ्रँकफुर्टमध्येही मंदिरं आहेत. फ्रँकफुर्टला गुरुद्वाराही आहे, आणि लंगर तिथेही सगळ्यांसाठी असतो. बर्लिनच्या फ्रोनाऊ भागातलं बौद्ध विहार १९२४ मधलं. बर्लिनचीच विल्मर्सडोर्फ मशीद १९२० च्या दशकातली. कलोनची मध्यवर्ती मशीद एरेनफेल्ड भागात आहे.

सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, अचानक जाता येत नाही. आधी ईमेल करून नाव कळवावं लागतं आणि दाराशी पासपोर्ट दाखवावा लागतो. दाराबाहेर पोलीस उभे असतात, गांगरू नका.

चर्चच्या विद्यार्थी केंद्रात इतर धर्मीयांनी जावं का?

जरूर जावं. विद्यापीठ असलेल्या बहुतेक शहरांत प्रोटेस्टंट विद्यार्थी समुदाय (ईएसजी) आणि कॅथलिक समुदाय (केएचजी) असतात. तिथे एकत्र स्वयंपाक, सहली, गायनवृंद, भाषेचे गट चालतात आणि धर्म बदला असं कोणी म्हणत नाही. फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा अडीअडचणीचा निधी. वडिलांचा आजार, अचानक थांबलेले पैसे, परीक्षेच्या सत्रात गेलेलं काम अशा वेळी ही केंद्रं धर्म न पाहता मदत करतात. भेटीची वेळ घ्या, बँकेची गेल्या काही महिन्यांची विवरणं आणि नोंदणीचा दाखला न्या, आणि खरी स्थिती सांगा. भाडं तीन महिने थकल्यावर जाण्यापेक्षा पहिल्याच महिन्यात जा.

स्टेशनवर कोणीतरी फार प्रेमाने ‘अभ्यासवर्गाला या’ म्हणतं. धोका आहे का?

बहुतेक वेळा माणूस साधाच असतो. पण नव्या, एकट्या परदेशी विद्यार्थ्यांना हेरणारे गट आहेत. संस्थेचं नाव विचारूनही सांगत नाहीत, पहिल्याच आठवड्यात रोज फोन येतो, जुने मित्र ‘नकारात्मक’ ठरवले जातात, घरच्यांना सांगू नका म्हणतात, हळूहळू पैसे किंवा अभ्यासाचा वेळ मागतात. यातली दोन लक्षणं दिसली तरी थांबा. पत्ता आणि पासपोर्टची प्रत कुणाला देऊ नका. विद्यापीठाच्या समुपदेशकाला अशा गटांची माहिती असते.

मैत्री

वर्षभर शेजारी बसतो, तरी मैत्री होत नाही. काय चुकतं?

इथे ‘मित्र’ हा शब्द जपून वापरतात. वर्गातला, कामावरचा माणूस म्हणजे ओळखीचा. मित्र व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि झाला की तो रात्री तुम्हाला रुग्णालयात घेऊन जाईल. वर्गात फक्त अभ्यास चालतो, त्यामुळे तिथे ओळख पुढे सरकत नाही. ओळख वाढते ती दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच माणसांबरोबर काहीतरी केल्याने: गायनवृंद, व्हॉलीबॉल, गिर्यारोहण मंडळ, स्वयंसेवी अग्निशमन दलसुद्धा.

विद्यापीठाचे क्रीडावर्ग (होखशूलश्पोर्ट) स्वस्त असतात, पण नोंदणी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या मिनिटाला उघडते आणि लोकप्रिय वर्ग काही मिनिटांत भरतात. खातं आदल्या दिवशी उघडा, बँकेचा आयबान क्रमांक हाताशी ठेवा, दुसरी-तिसरी निवड ठरवून बसा. सत्राआधीचा परिचय आठवडा (ओ-वोखे) चुकवू नका. व्हिसा उशिरा आल्यामुळे अनेकांचा चुकतो आणि गट तोवर बनलेले असतात. तसं झालं तर विभागाच्या विद्यार्थी मंडळाच्या खोलीत जाऊन कामाला हात लावा. तिथे माणसांची नेहमीच कमतरता असते.

‘डू’ की ‘झी’?

‘डू’ म्हणजे तू, ‘झी’ म्हणजे आदरार्थी तुम्ही. विद्यार्थी एकमेकांना पहिल्या क्षणापासून ‘डू’. प्राध्यापक, कार्यालय, डॉक्टर, घरमालक यांना ‘झी’ आणि आडनाव. ‘डू’चा प्रस्ताव मोठ्याकडून यावा.

सामायिक घरात भांडणं कशावरून होतात?

तीन गोष्टींवरून: सफाई, भांडी आणि खिडक्या. सफाईचा तक्ता (पुट्सप्लान) स्वयंपाकघरात लावलेला असतो. आपला आठवडा चुकला तर त्याच दिवशी कळवा आणि पुढचा घ्या. मांस न चालणाऱ्यांनी स्वतःचा तवा, कढई आणि विळी किंवा सुरी-पाट वेगळे ठेवावेत. हे पहिल्याच दिवशी सांगितलं तर सगळे पाळतात. तीन महिने गप्प राहून मग चिडलात तर समोरच्याला खरोखरच काही कळत नाही. फोडणीचा वास शेजारच्या कोटांना चिकटतो, म्हणून दार बंद, खिडकी उघडी. हिवाळ्यातही रोज दोन-तीन वेळा पाच मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या असतात, नाहीतर भिंतीला बुरशी येते आणि त्याचं बिल भाडेकरूला.

रिकाम्या बाटल्या फेकू नका. एकदाच वापरायच्या बाटल्या-डब्यांचे २५ सेंट परत मिळतात. त्या कोणाच्या, हे आधी विचारा.

जेवायला बोलावलं तर?

दिलेल्या वेळेला पाच-दहा मिनिटांत पोहोचा. उशीर होणार असेल तर वेळ उलटण्याआधी संदेश करा. ‘मी काय आणू?’ असं विचारा आणि जे सांगतील तेच न्या. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, ते अशुभ मानतात. केक ज्याचा वाढदिवस तोच आणतो. ‘कधीतरी भेटू’ असं तुम्ही म्हणालात तर समोरचा दिनदर्शिका उघडेल. तेव्हा मनात असेल तरच म्हणा. आणि एकदा नको म्हटलं की पुन्हा आग्रह करत नाहीत, त्यामुळे भूक असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा.

दारू पीत नाही. एकटा पडेन का?

नाही. ‘मी पीत नाही’ एवढं पुरतं, कारण द्यावं लागत नाही. सफरचंदाचा रस आणि सोडा यांचं मिश्रण, आप्फेलशोर्ले, सगळीकडे मिळतं. ग्लास टेकवताना नजरेला नजर द्या, ते महत्त्वाचं मानतात.

फक्त मराठी मित्रांतच राहिलो तर वाईट आहे का?

आजारी पडल्यावर खिचडी करून आणणारी माणसं हवीतच, त्यांना सोडू नका. अडचण भाषेची असते. घर, वर्ग आणि काम तिन्हीकडे आपलीच भाषा असेल तर दोन वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीत जर्मन वाक्य जुळत नाही. तिन्हीपैकी एक जागा तरी जर्मन ठेवा. घर जर्मन असलं तर सगळ्यांत जास्त फायदा होतो.

नोव्हेंबरपासून काहीच करावंसं वाटत नाही.

डिसेंबरच्या अखेरीस बर्लिनमध्ये सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चारच्या आत मावळतो. अशा दिवसांत मन खचतं, हा आळस नाही. दुपारी बाराच्या सुमारास अर्धा तास बाहेर चाला, ढग असले तरी. दोन आठवडे झोप, भूक, अभ्यास बिघडला असेल तर श्टुडिरेंडेनवेर्कच्या (विद्यार्थी सेवा संस्थेच्या) मानसिक समुपदेशन केंद्राची वेळ घ्या. सेवा बहुतेक ठिकाणी मोफत आणि गोपनीय असते, पण वेळ मिळायला आठवडे लागू शकतात. रात्री बोलायला कोणी नसेल तर टेलेफोनझेलझोर्गे या फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सेवेचा ०८०० १११० १११ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. जिवाला धोका वाटत असेल तर थेट ११२.

प्रवास

डॉइचलांड-टिकिटात काय बसतं?

देशभरातल्या लोकल, मेट्रो, ट्राम, शहरी बस आणि प्रादेशिक गाड्या, दुसऱ्या वर्गात. आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या बसत नाहीत. हे तिकीट मे २०२३ मध्ये महिना ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झालं. अनेक विद्यापीठांत ते सत्र शुल्कातच येतं आणि त्याची किंमत मूळ दराच्या ६० टक्के असते. आपल्या विद्यापीठात आहे का हे पाहिल्याशिवाय वेगळं विकत घेऊ नका, नाहीतर दोनदा पैसे जातात. वेगळं घेतलेलं बंद करायचं असेल तर महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं.

फोनची बॅटरी संपली तर तपासनिसाच्या दृष्टीने तुम्ही विनातिकीट, दंड ६० युरो. तिकीट तुमच्या नावाचं असेल तर नंतर कार्यालयात दाखवून दंड थोड्या शुल्कावर आणता येतो. पासपोर्ट किंवा निवास कार्ड सोबत हवंच.

लांबच्या गाडीचं स्वस्त तिकीट घेतलं आणि गाडी चुकली तर?

स्वस्त तिकीट (श्पारप्राइस) त्याच गाडीला बांधलेलं असतं. मात्र मुक्कामी पोहोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं आणि पुढची कोणतीही गाडी घेता येते. ॲपमधल्या उशिराच्या सूचनेचा फोटो काढून ठेवा. तासाभराहून जास्त उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के, दोन तासांहून जास्त झाला तर ५० टक्के परत मिळतात. विमान गाठायचं असेल तर एक गाडी सोडून आधीची गाडी धरा.

जर्मन निवास परवान्यावर शेंगेन देशांत किती दिवस फिरता येतं?

शेंगेन म्हणजे एकमेकांच्या सीमांवर सहसा तपासणी न ठेवणारे युरोपीय देश. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, इतर शेंगेन देश मिळून. जर्मनीत काढलेले दिवस यात मोजत नाहीत. शेंगेनमध्ये २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ पासून, रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे. आयर्लंड, सायप्रस आणि ब्रिटन त्यात नाहीत. मित्रांनी अचानक डब्लिनचं स्वस्त विमान काढलं की नेमकी इथे चूक होते. पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही मूळ प्रती न्या. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीच्या सगळ्या भू-सीमांवर तपासणी सुरू झाली. रात्रीच्या बसमध्ये झोपेतून उठवून कागद मागतात, तेव्हा फोनमधला फोटो चालत नाही.

कार्डाची मुदत संपली, नवं यायचंय. जाऊ का?

मुदत संपण्याआधी अर्ज केला असेल तर परदेशी नागरिक कार्यालय ‘फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग’ नावाचा तात्पुरता दाखला देतं. त्यात खुणेच्या चौकटी असतात. निवास कायद्याच्या कलम ८१, परिच्छेद ४ ची चौकट असेल तर जुना परवाना चालू धरला जातो. परिच्छेद ३ ची असेल तर देशाबाहेर पडू नका, परत येता येणार नाही. विमान कंपनीच्या काउंटरवरच्या माणसाला हा कागद अनेकदा ओळखता येत नाही, म्हणून जुनं कार्डही जवळ ठेवा. नुसती अर्ज मिळाल्याची ईमेल म्हणजे दाखला नव्हे.

घरी लांब सुट्टीवर जाणाऱ्यांसाठी: सलग सहा महिन्यांहून जास्त जर्मनीबाहेर राहिलात तर परवाना आपोआप रद्द होतो. संशोधन किंवा घरच्या आजारपणामुळे जास्त राहावं लागणार असेल तर जाण्याआधी लेखी मुदतवाढ घ्या.

प्रवासात आजारी पडलो तर विमा चालतो का?

सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाची मागची बाजू हे युरोपीय आरोग्य कार्ड असतं. युरोपीय संघाच्या देशांत तातडीच्या उपचारांना ते चालतं. पण युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना ते डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड आणि लिख्टेनश्टाइनमध्ये वापरता येत नाही. आल्प्समधून हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा किंवा मायदेशी परत पाठवण्याचा खर्चही त्यात नसतो. वर्षभराचा प्रवास आरोग्य विमा थोडक्या पैशांत मिळतो. स्कीइंगला जाण्याआधी तो घ्याच.

श्रद्धा आणि प्रवास एकत्र करता येतील अशा जागा?

फ्रान्सच्या बर्गंडीतलं तेझे हे १९४० मध्ये ब्रदर रोजर यांनी स्थापन केलेलं मठवासी केंद्र आहे. तरुण तिथे रविवार ते रविवार राहतात, दिवसातून तीन वेळा सामूहिक गायन-प्रार्थना असते, बाकी वेळ भांडी घासणं, चर्चा आणि शांतता. कुठल्याही पंथाचे लोक येतात. नोंदणी आधी करा. झोपण्याची पिशवी आणि हातविजेरी न्या.

स्पेनमधल्या सान्तियागोच्या पदयात्रेचं प्रमाणपत्र हवं असेल तर किमान १०० किलोमीटर पायी किंवा २०० सायकलने करावे लागतात आणि वाटेतले शिक्के यात्रेच्या पुस्तिकेत हवेत. रोज दोन शिक्के घ्या. नवे बूट घालून निघालात तर दुसऱ्या दिवशी टाचा फुटतात. आधी महिनाभर तेच बूट घालून चाला.

आणि वेगळ्या धर्माच्या मित्राला सोबत न्यायचं असेल तर त्याला आधी तीन गोष्टी सांगा: डोकं झाकायचं का, बूट कुठे काढायचे, आणि कुठल्या क्षणी नुसतं मागे उभं राहिलं तरी चालेल.